कडीचा डबा

चिखली, ८ एप्रिल

प्रिय कौसर,
सलाम आणि जयभीम.

पोस्टमन नाव विचारत आला म्हणून आधी घाबरशील, मग मोईजला हाक मारशील. मारू नकोस. सगळं ठीक आहे, आणि वाचता तुलाही येतं. सातवीपर्यंत मराठी शाळेत बसलीस ती काय नुसती खिडकीतली बोरं मोजायला? फोन उचलला असतास तर हा कागद काढावाच लागला नसता. मी फोन केला की मोईज उचलतो. कधी "अम्मी नमाज पढून राह्यली", कधी "अम्मी झोपली". इतकी झोप तुला कधीपासून लागायला लागली गं? इथं असताना माझ्या कुकरची शिट्टी झाली तरी भिंतीपलीकडून विचारायचीस, "बाई, आज काय टाकलं?"

मी परवा वरवट बकालहून आले. महामायाचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, खुब्याचं हाड जुळलं. काठी घेऊन अंगणात फिरते आणि सगळ्यांवर ओरडते, म्हणजे बरी झाली. तिच्या उशाशी माझा पाडवा गेला, तुमची ईदही गेली. रिक्षातून उतरले तर तुझ्या दाराला कुलूप. मला वाटलं बाजारात गेली असशील. पिशवी ओट्यावर ठेवून मी तिथंच बसले, तुझी वाट बघत. शेवटी सून प्रतीक्षा बाहेर आली. "आई, कौसरकाकू भुसावळला गेल्या. मोईजदादाकडे. आता तिकडंच राहणार आहेत म्हणे."

म्हणे! भिंतीला भिंत लावून आपण म्हाताऱ्या झालो. तुझा रहेमतुल्ला गेला तेव्हा तुझ्या घरी चूल माझ्या हातची पेटली, आमचे हे गेले तेव्हा माझ्या घरी तुझ्या हातची. आणि तू गाव सोडलंस हे मला "म्हणे" म्हणून कळावं? वरवट बकालला फोनचे टॉवर आहेत, कौसर.

बरं, भांडण नंतर. आधी हे सांग, माझ्या वाट्याचा शीरखुर्मा कुणाला खाऊ घातलास? मी गावाला असले तरी तू माझा वेगळा काढून आमच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायचीस. मी घरी येऊन फ्रीज उघडला, तर त्यात काय? ओट्सचं पाकीट, पनीरचा ठोकळा आणि काचेच्या बरणीत हिरवं पाणी. तुझा कडीचा डबा कुठंच नाही. नाव घातलेला तो डबा, "कौसर रहेमतुल्ला, चिखली", दिसला नाही की मला आपलं घर आपलं वाटत नाही.

त्या डब्यानं आपल्या दोन घरांच्या मध्ये किती फेऱ्या घातल्या असतील! भरलेला आला की दुसरं काही भरून परत. तुझा दालचा आला की माझा पातोडीचा रस्सा गेला. आणि महिनाअखेरी घरात पीठच नसलं, की न बोलता रिकामा डबा समोरच्या ओट्यावर ठेवायचा. रिकामा म्हणजे मागणं. ना लाज, ना विचारपूस. समोरचीनं जे असेल ते भरायचं. मला पगार व्हायचा तरी किती वेळा मी ठेवला आहे रिकामा, नुसता तुझ्या हातचं खायचं म्हणून. भरलेला किंवा रिकामा. तिसरा प्रकार आपल्यात नव्हता.

आता आमच्या घरची हालहवाल ऐक. मी नव्हते तेवढ्यात लेकानं, आपल्या प्रसेनजितनं, रक्त तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आहे, यकृतावर चरबी आहे. झालं. प्रतीक्षानं घरातली साखर बाहेर काढली, गूळ बाहेर काढला, दूध अर्ध्यावर आणलं. ओट्यावर चिमुकला काटा आला आहे, त्यावर भात मोजून ताटात येतो. आणि ज्वारी! आपण लहानपणी ज्वारीच खाल्ली, गव्हाची पोळी सणाला. आता तीच ज्वारी रंगीत पिशवीतून येते आणि तिला मिलेट म्हणतात. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते असं. मी म्हटलं, "अगं, दोन गल्ल्या सोडून ज्वारीचं पोतं मिळतं." तर म्हणाली, "आई, ही ऑरगॅनिक आहे." पोर मनानं वाईट नाही. तिचे वडील साखरेच्याच आजारानं गेले, पाय कापूनही वाचले नाहीत. त्यामुळे ती साखरेकडे साप बघावा तशी बघते. प्रसेनजित मात्र घरी मोड आलेले मूग खातो आणि बँकेतून येताना कचोरी. शर्टावर तेलाचा डाग मी पाहिला आहे.

एक कार्ड तरी टाक. भुसावळचं ऊन कसं आहे ते लिही. शिव्या द्यायच्या तर शिव्या लिही.

तुझी,
बाई

•

चिखली, १५ एप्रिल

प्रिय कौसर,

काल जयंती झाली. मिरवणूक आपल्या गल्लीतून गेली. दरवर्षी तू दारात सरबताचं पिंप मांडायचीस. यंदा तुझ्या दारासमोर पोरं क्षणभर थांबली, कुलूप पाहिलं आणि पुढं गेली. एकानं मला विचारलं, "बाई, काकू काऊन नाही?" मी म्हटलं, "येईल." खोटं बोलले की खरं, ते तूच सांगायचं.

आज तुझं घर बघायला माणूस आला होता. थंड पेयांच्या बाटल्या साठवायला खोल्या हव्या आहेत त्याला. मोईजनं पाठवला म्हणाला. तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत डोकावून म्हणतो, "इथं दोन मोठे फ्रीज बसतील." मला त्याची कॉलर धरावीशी वाटली. जिथं तुझी मसाल्याची फळी होती तिथं त्याचे फ्रीज! मी त्याला सांगितलं, भिंत ओली आहे, उंदीर आहेत, नळाला पाणी येत नाही. सगळ्या थापा. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि पेन्शनीत बसून हे. तो गेल्यावर मी तुझ्या ओट्यावर बसून रडले. सरळ सांगते, रडले. तू गेलीस तशी मला घास गोड लागत नाही, आणि त्यात प्रतीक्षाच्या काट्याचा दोष नाही.

तुला पहिला डबा आठवतो? आम्ही नुकतं सामान उतरवलं होतं, प्रसेनजित कडेवर होता. या गल्लीत घर मिळायला आम्हाला किती दारं ठोठावावी लागली होती, ते तुला माहीत आहे. आडनाव ऐकलं की घर आधीच कुणाला तरी दिलेलं असायचं. आणि संध्याकाळी तू दारात उभी, ओढणी दाताखाली धरून, हातात डबा. आत खिचडा. पुढं केलास आणि पुन्हा मागं ओढलास. म्हणालीस, "बाई, तुम्ही आमच्या घरचं खाता ना?"

आणि मी म्हटलं, "मी खाते गं. तू आमच्या घरचं खाशील का, ते आधी सांग."

तू अशी हसलीस की दाताखालची ओढणी सुटली. "हाव ना माय! मले काय धाड भरली?" दोघींच्या पोटात एकच भीती होती, आणि ती एका डब्यात मिटली. त्या रात्री मी आमच्या यांना म्हटलं होतं, आता बदली झाली तरी घर हेच ठेवायचं. आणि ठेवलं.

गहू भिजत घातले आहेत. हो, कुरडयांचे. घरात त्या कुणी खाणार नाही हे माहीत असून. दरवर्षीच्या सवयीनं हात गेला आणि पिंप भरलं. रोज पाणी बदलताना तो आंबूस वास आला की मला तू दिसतेस, साडीचा पदर खोचून, गच्चीवर. आता चीक हाटायला कुणाला बोलावू? एकीनं ओतायचा, एकीनं पळी फिरवत हाटायचा. एकटीनं केला की गाठी होतात.

येतेस का? चार दिवसांसाठी ये. राहायचं नसलं तर राहू नकोस. चीक खायला ये. तुझा दूध-साखरेतला, माझा तेल-मिठातला.

तुझी,
बाई

•

चिखली, १९ एप्रिल

कौसर,

आज सकाळी गच्चीवर चीक केला आणि मला सगळं कळलं. तशीच लिहायला बसले, अक्षर वाईट येईल.

प्रतीक्षा मदतीला आली होती. बिचारीनं आयुष्यात कुरडई पाहिली ती तळलेलीच. मी ओतत होते, ती हाटत होती. चांगलं हाटत होती, खोटं कशाला बोलू. चीक फुगून चकाकायला लागला तसं मी बोलून गेले, "कौसर असती तर आत्ता वाटी घेऊन बसली असती. यंदा तर तिनं माझा शीरखुर्माही नाही ठेवला."

तर ती म्हणाली, "ठेवायला काय, आणला होता ना त्यांनी. ईदच्या दिवशी. मीच परत दिला."

मी ओतायची थांबले. "परत दिला म्हणजे?"

"आई, त्याच आठवड्यात रिपोर्ट आला होता. घरात साखर बंद केली होती. डबा ठेवून घेतला असता तर प्रसेननं चमचा मारलाच असता, नाहीतर वाया गेला असता. एवढं तूप, सुका मेवा घालून केलेला. म्हटलं, कुणीतरी खाईल तरी. मी नीट सांगितलं त्यांना. काकू, आमच्यात आता कुणी गोड खात नाही, घेऊन जा परत."

चीक करपला. कळला नाही मला करपलेला. प्रतीक्षा ओरडली तेव्हा पाहिलं.

आमच्यात कुणी गोड खात नाही.

कौसर, तुला ते वाक्य कुठं लागलं असेल ते मला कळलं. कारण ते वाक्य तुला मीच सांगितलं होतं. माझी आई, बनाबाई, ज्या मालकिणीच्या शेतात खपायची, तिच्या वळचणीला आईसाठी कान तुटलेला कप खोचलेला असायचा. त्यात मालकीण वरून चहा ओतायची. मला मास्तरणीची नोकरी लागली तेव्हा आईनं बुंदीचे लाडू केले, नवा डबा विकत घेतला आणि मालकिणीकडे नेऊन दिला. तिला वाटलं, लेक सरकारी नोकर झाली, आता तरी. संध्याकाळी गड्याच्या हाती डबा तसाच परत आला. झाकणही उघडलेलं नव्हतं. निरोप काय? "आमच्यात कुणी गोड खात नाही." त्या घरात सहा मुलं होती आणि दर बाजाराला जिलेबी यायची. आईनं ते लाडू आम्हाला वाटले. स्वतः एकही खाल्ला नाही. मरेपर्यंत तिनं कधी बुंदी पाडली नाही.

हे मी तुझ्या ओट्यावर बसून सांगितलं, तेव्हा तू माझ्या आईसाठी रडली होतीस. म्हणाली होतीस, "बाई, शिवी देली असती तं बरं होतं."

आणि तेच वाक्य माझ्या दारातून तुझ्या तोंडावर गेलं. तू डबा हातात घेऊन आपल्या पायऱ्या उतरलीस, तुझ्या पायऱ्या चढलीस. मी घरी नव्हते. नव्हते गं मी घरी! तुला काय वाटलं असेल, बाईनंच सुनेला सांगून ठेवलं? बाईही शेवटी त्यातलीच निघाली? दिवस कसे आहेत ते मला काय माहीत नाही? पण तू माझ्यावर तरी संशय घ्यायला नको होतास. नाही, घ्यायला हवा होतास. मीही घेतला असता. परत आलेलं भांडं काय असतं ते मला कुणी शिकवायला नको.

सगळ्यात वाईट गोष्ट सांगू? मालकीण खोटं बोलली होती, माझी सून खरं बोलली. खरोखरच आमच्यात आता कुणी गोड खात नाही. आणि दोन्ही डबे सारखेच परत गेले.

आणि मी तुला पहिल्या पत्रात विचारलं, माझ्या वाट्याचा शीरखुर्मा कुणाला खाऊ घातलास म्हणून! ते वाचून तू काय केलं असशील?

आज जास्त लिहवत नाही.

बाई

•

चिखली, २३ एप्रिल

प्रिय कौसर,

रागाच्या भरात लिहिलेलं पत्र पेटीत टाकलं आणि मग वाटलं, पुढचंही लिहायला हवं.

प्रतीक्षाशी मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिला समोर बसवून आईच्या लाडवांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आई, आमच्या पुण्याच्या सोसायटीत कुणी कुणाकडे डबे देतच नाही. दारं बंद असतात. मला खरंच माहीत नव्हतं. नको असलेलं ठेवून घ्यायचं आणि मग फेकून द्यायचं, ते मला जास्त वाईट वाटलं." आपलेच दात, आपलेच ओठ. तिला कुणी शिकवलं नाही, कारण शिकवणारी मी बहिणीच्या उशाशी बसले होते आणि मला वाटत होतं, आपल्या गल्लीत हे सगळ्यांना जन्मतःच येतं. शीरखुर्मा ठेवून घ्यायचा, डब्यात दोन लिंबं घालून परत द्यायचा, आणि मग पाहिजे तर एक चमचासुद्धा खायचा नाही. खाणं आणि घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे इतकं सोपं, पण डाएटच्या कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत.

मग मी गल्लीत फिरले. तुला ठाऊक आहे, मला काही काढून घ्यायचं असलं की मी काढते. कळलं ते असं, की त्या दिवशी तुझे आणखी दोन डबे परत आले. एका घरी कुणाचा तरी उपास होता म्हणे. दुसऱ्या घरी तर दारच उघडलं नाही, आत टीव्ही चालू होता. म्हणजे तू त्या दोन दारांवरून भरलेले डबे तसेच घेऊन आलीस आणि तिसऱ्या दारी, माझ्या दारी, निर्धास्त उभी राहिलीस. हे ऐकलं आणि मला जेवण गेलं नाही.

त्या घरांत पूर्वी तुझ्या डब्याची वाट बघणारी हीच पोरं होती. पण माझं दार त्यांच्यात धरू नकोस. एवढंच मागते. तू भुसावळला राहा, मोईजकडे सुखानं राहा, नातवंडांच्या मागं पळ, खोल्यांत त्या माणसाचे फ्रीज बसू देत. मला त्याचं फार वाईट वाटेल, पण मी सोसेन. ते तीन दारांतलं तिसरं दार मी होते, असं मनात ठेवून मात्र तू राहू नकोस. ते मला सोसणार नाही.

खाली प्रतीक्षाला दोन ओळी लिहायच्या आहेत. मी वाचलेल्या नाहीत.

बाई

कौसरकाकू, नमस्कार. फोनवर बोलायची हिंमत होत नाही म्हणून लिहिते. मी तुमचा डबा तुमच्या हातात दिला तेव्हा तुम्ही हसून "ठीक आहे बेटा" म्हणालात. मला वाटलं, समजून घेतलंत. तुम्ही गेलात त्या दिवशी मी दारातच होते, तुम्हाला बॅग उचलून द्यायला आले तर तुम्ही म्हणालात "राहू दे, हलकी आहे." हलकी नव्हती. मला तेव्हा काहीच कळलं नाही. माझे बाबा लपून पेढे खायचे आणि आम्ही घेणाऱ्या-देणाऱ्या सगळ्यांवर चिडायचो, त्या जुन्या रागात मी तुमच्याशी तसं वागले. शीरखुर्मा कसा करतात ते मला शिकवाल का? मी खाईन की नाही माहीत नाही. पण करता यायला हवा. – प्रतीक्षा

•

चिखली, २९ एप्रिल

कौसर,

हे घाईत लिहिते. मोईज बाहेर बसला आहे, पत्र त्याच्याच हाती देते. प्रतीक्षानं त्याला चहा दिला आहे, साखर घालून. साखर शेजारून मागून आणली तिनं, घरात चिमूटभर नव्हती. आणि आणलेली वाटी रिकामी परत द्यायची नाही म्हणून वाटीत कुरडया घालून दिल्या. करपलेल्या बाजूला ठेवून, चांगल्या निवडून. मी काही सांगितलं नव्हतं.

मोईज दुपारी आला तो त्या फ्रीजवाल्याला भेटायलाच. मला वाटलं, आता घराची किल्ली जाते. दारात उभा राहिला, आणि त्याच्या हातात पिशवी. पिशवीतून त्यानं तुझा डबा काढला. कडीचा. तुझ्या नावाचा.

मी विचारलं, "अम्मीनं काय सांगितलं रे?"

"काहीच नाही, बाई. म्हणे, दे फक्त. बाईले समजते."

मला हात लावायची भीती वाटली. जड आहे की हलका, तेवढंच बघायचं होतं, आणि तेच बघवेना. शेवटी प्रतीक्षानं घेतला त्याच्या हातून. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, रिकामा आहे."

माय माझी! रिकामा आहे.

मी तिथंच खाली बसले. मोईज घाबरला, "बाई, काय झालं, पाणी आणू का?" त्याला काय सांगू? त्याला वाटलं, अम्मीनं रिकामा डबा देऊन बाईचा अपमान केला. त्याचाही चेहरा पडला होता. मग त्यानं सांगितलं, तू तो शीरखुर्मा फेकला नव्हतास. कुणाला दिलाही नव्हतास. डब्यासकट भुसावळला नेलास, आणि तुझी सून म्हणाली फ्रीजमध्ये वास येतो तरी हलू दिला नाहीस. "तुमचं ते तिसरं पत्र आलं ना बाई, त्या दिवशी अम्मी मोरीत बसली अन् घासून राह्यली तो डबा. मी म्हटलं, द्या मी घासतो. तं हात लावू देईना." तुझ्या घासण्यानं तळ असा चकाकतो आहे की त्यात माझं तोंड दिसतं.

मोईज म्हणतो, घर भाड्यानं द्यावंच लागेल, बंद घर पडतं. तो बोलतो ते खरं आहे. बाहेरच्या दोन खोल्या दे म्हटलं. स्वयंपाकघर आणि त्यामागची खोली ठेव, अम्मी आली की उतरायला. विचार करतो म्हणाला. तू त्याच्या पाठीशी लाग. आणि तू परत राहायला येणार नाहीस, हे मला आता कळतं आहे. कळतं, आणि सकाळी कुकर लावला की भिंतीकडे कान जातोच. तो जात राहील.

आता डबा. परवा बुद्धपौर्णिमा. दरवर्षी त्या दिवशी तुझ्याकडे आमची खीर जाते. पण मे महिन्याच्या तोंडावर दुधाची खीर इथून शेगाव, शेगावहून गाडीनं भुसावळ, नासल्याशिवाय पोचायची नाही. बर्फात घालून नेऊ, थर्मासमधून नेऊ, असं प्रतीक्षा मोबाइलवर शोधत बसली होती. मी म्हटलं, ठेव तो मोबाइल. रिकाम्या डब्यात काय भरायचं ते मला कुणी सांगायला नको.

तुझ्या डब्यात मी तांदूळ भरला आहे. वर पुडीत वेलदोडे, चारोळी आणि गूळ. प्रतीक्षा पण येते. ती आपला काटा बरोबर घ्यायला निघाली होती, तो मी ओट्यावरच ठेवायला लावला. प्रसेनजितला दोन दिवस मूग आणि त्याची लपूनछपून कचोरी, दोन्ही आहेत.

परवा सकाळच्या गाडीनं येतो. स्टेशनवर मोईजला पाठवू नकोस, आम्ही रिक्षा करू. खीर तुझ्या घरी, तुझ्या गॅसवर शिजवू. मी ओतेन, तू हाट.

दूध तेवढं आणून ठेव. म्हशीचं.

बाई